कोर्टाची पायरी चढलेली मुलगी

२५ नोव्हेंबर २०१३ ला मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान झाले. आपल्या पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही मतदारसंघांत त्या दिवशी मतदान यंत्रावर सगळ्या उमेदवारांच्या खाली एक नवे बटण होते. त्यासमोर लिहिले होते, 'इनमें से कोई नहीं'. त्या हिवाळ्यात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या आणि हे बटण देशात पहिल्यांदा त्याच निवडणुकांत आले. पलीकडच्या वरुड, नरखेड, काटोलच्या सोयऱ्यांना ते २०१४ मध्ये मिळाले. एरवी कुठल्याही नव्या गोष्टीत तेच आपल्या पुढे असतात, यावेळी आपण होतो.

हे बटण सरकारने आपणहून दिलेले नव्हते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तोपर्यंत कोणालाच मत द्यायचे नसेल तर मतदान केंद्राध्यक्षाला तसे सांगावे लागे, तो रजिस्टरमध्ये शेरा लिही आणि तिथे बसलेल्या सगळ्या पक्षांच्या एजंटांना ते कळे. लहान गावात पोलिंग एजंट म्हणजे शेजारच्याच घरातला माणूस. त्याच्यादेखत 'मला तुमच्यातला कोणीच नको' असे सांगायला किती जण धजावणार? ज्याला मत द्यायचे त्याचे मत गुप्त आणि ज्याला द्यायचे नाही त्याचे उघड, हा भेद चुकीचा आहे, असे न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ ला ठरवले. निकाल देणारे तीन न्यायमूर्ती होते: सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्या. रंजन गोगोई आणि न्या. रंजना प्रकाश देसाई.

या तिसऱ्या नावाबद्दल आज लिहायचे आहे. सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या त्या पाचव्या महिला न्यायमूर्ती, आणि मुंबईच्या मराठी वकिलाची मुलगी.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घरांत मुलांना पाढ्यांच्या बरोबरीने ऐकवली जाते. आपल्या भागात तर त्या म्हणीला आणखी एक कारण आहे. १९५६ पर्यंत आपण नागपूर उच्च न्यायालयाच्या हद्दीत होतो. १९३६ मध्ये सुरू झालेले ते न्यायालय मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी होते. पांढुर्ण्याहून सकाळच्या गाडीने निघालेला पक्षकार वकिलाशी मराठीत बोलून रात्री घरी जेवायला परत येऊ शकत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आपले उच्च न्यायालय झाले जबलपूर, सातपुड्यापलीकडे. नागपूरला पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, पण ते आपले नव्हे. संत्र्याची बाग एकीकडे, सोयरे दुसरीकडे आणि अपील तिसरीकडे, अशी आपली तऱ्हा झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तरी उच्च न्यायालयासाठी वाट जबलपूरचीच. तेव्हा घरातली मुलगी 'मला लॉ करायचे आहे' म्हणाली की मोठी माणसे जरा गप्प होतात, यात नवल नाही. बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे, हे आधी सुचते.

रंजना सामंत यांच्या घरी ही अडचण नव्हती. वडील एस. जी. सामंत फौजदारी वकिलीतले नावाजलेले. ३० ऑक्टोबर १९४९ चा जन्म. एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९७० मध्ये बी.ए., १९७३ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमधून एलएल.बी., आणि त्याच वर्षी जुलैत सनद. पण वकिलाच्या मुलीलाही सुरुवात ज्युनिअर म्हणूनच करावी लागते. त्या एस. सी. प्रताप यांच्या चेंबरमध्ये गेल्या. प्रताप स्वतः पुढे न्यायमूर्ती झाले. तिथे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामे होती, शिवाय वडिलांच्या हाताखालचेही काम. 'सीनिअर'च्या मागे ब्रीफ घेऊन उभे राहायचे, तारखा लिहून घ्यायच्या, नोंदी काढायच्या, आणि एखाद्या दिवशी सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकला की धडधडत्या छातीने स्वतः उभे राहायचे. कोणताही वकील असाच घडतो.

१९७९ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील झाल्या आणि १९८६ मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या खटल्यांसाठी विशेष सरकारी वकील. इथे जरा थांबायला हवे, कारण हे काम काय असते ते बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. स्थानबद्धता म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्यावरची शिक्षा नव्हे, माणूस पुढे काहीतरी करील म्हणून त्याला आधीच आत ठेवणे. तस्करीच्या त्या काळात मुंबईत अशा आदेशांची कमतरता नव्हती. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने अशा माणसाला दोन हक्क दिले आहेत: आपल्याला का धरले ते शक्य तितक्या लवकर कळणे आणि त्याविरुद्ध म्हणणे मांडायची संधी मिळणे. त्यामुळे हे खटले फार बारीक गोष्टींवर उभे राहतात किंवा पडतात. अर्जाचा विचार करायला सरकारने विनाकारण उशीर लावला, आदेश मोडला. कारणे त्याला कळत नाहीत अशा भाषेत दिली, तरीही मोडला. हे भाषेचे तत्त्व १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. तिथे माणसाला हिंदी येत होती आणि कागद इंग्रजीत दिले होते. घरी मराठी, शाळेत हिंदी, कागदावर इंग्रजी असे जगणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म सांगायला नको.

अशा खटल्यात सरकारच्या बाजूने उभे राहायचे म्हणजे सरकारच्या प्रत्येक ढिलाईचा जाब आपण द्यायचा. दहा वर्षे हे केलेल्या वकिलाला फायलीतली तारीख कुठे घसरली आहे ते लगेच दिसू लागत असणार. पुढच्या त्यांच्या निकालांकडे पाहताना मला ही शिदोरी आठवते.

१ नोव्हेंबर १९९५ ला त्या अपील शाखेच्या सरकारी वकील झाल्या आणि १५ एप्रिल १९९६ ला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती.

ज्या न्यायालयात त्या बसल्या ते १८६२ चे. तिथे पहिली महिला न्यायमूर्ती यायला १९७८ साल उजाडले, म्हणजे ११६ वर्षे लागली. त्या होत्या सुजाता मनोहर, पुढे १९९४ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या महिला न्यायमूर्ती. (आडनावांची गंमत बघा. सुजाताबाई माहेरच्या देसाई, गुजराती; वडील के. टी. देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. रंजनाबाई माहेरच्या सामंत आणि लग्नानंतर देसाई.) सर्वोच्च न्यायालयातली पहिली महिला न्यायमूर्ती म्हणजे केरळच्या फातिमा बीवी, १९८९ मध्ये.

१९७८ हे साल विदर्भाच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गडचिरोली भागातल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याचा खटला त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले होते, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. १९७९ मध्ये चार कायदा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावे होती, सोबत उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पीठावर एखादी स्त्री असती तर निकाल वेगळा लागला असता, असे सहज म्हणता येते, पण मी म्हणणार नाही. नागपूरला त्या मुलीवर विश्वास ठेवणारे न्यायमूर्तीही पुरुषच होते. तरीही 'तिने ओरडायला हवे होते' हे वाक्य उच्चारण्याआधी शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघावे लागणे, याला काही अर्थ आहेच.

न्या. देसाई यांचे नाव देशभर झाले ते २०११ मध्ये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली आणि जिवंत सापडलेल्या अजमल कसाबला विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये फाशी सुनावली. आपल्या कायद्यात सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरीसुद्धा दोन न्यायमूर्तींनी सगळा पुरावा पहिल्यापासून पाहायचा असतो. हे काम न्या. रंजना देसाई आणि न्या. रणजित मोरे यांच्याकडे आले. ज्याचे वकीलपत्र घ्यायलाही सुरुवातीला कोणी तयार नव्हते त्या माणसासाठी विधी सेवेतून वकील दिले गेले आणि महिनोन्‌महिने सुनावणी झाली. २१ फेब्रुवारी २०११ ला फाशी कायम झाली.

टीव्हीवर दिवसभर तेवढेच चालले. त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना खालच्या न्यायालयाने पुरावा नाही म्हणून सोडले होते, त्याविरुद्ध राज्य सरकारने अपील केले होते. शहराच्या जखमा ओल्या होत्या, लोकांना आणखी माणसे फासावर हवी होती. या पीठाने ते अपील फेटाळले. एका आरोपीला मृत्यू आणि दोघांना सुटका, हे एकाच दिवशी, एकाच निकालात, पुराव्याच्या एकाच मापाने. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाचे हे दोन्ही भाग उचलून धरले.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे ऑक्टोबर २०११ अखेर त्यांची कारकीर्द संपली असती. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, १३ सप्टेंबरला, त्यांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाची शपथ घेतली. न्या. ज्ञानसुधा मिश्रा तिथे आधीच होत्या. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एकाच वेळी दोन महिला न्यायमूर्ती असण्याची ही पहिलीच वेळ होती, न्यायालय स्थापन होऊन ६१ वर्षे झाल्यावर. २०१३ मध्ये एके दिवशी योगायोगाने दोघींचेच पीठ बसले. तसे पुन्हा घडायला २०१८ उजाडले.

तीन वर्षांत त्यांनी जे केले त्यातले सगळे इथे सांगत बसत नाही. घराला लागून असलेले मात्र सांगायला हवे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये एका घटस्फोटाच्या प्रकरणात त्यांनी निकाल लिहिला. नवराबायको अनेक वर्षे वेगळे राहत होते आणि मध्ये खटल्यांचा डोंगर उभा राहिला होता. खोटी तक्रार करून जोडीदाराला आणि त्याच्या घरच्यांना कोर्टात ओढणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे त्यांनी म्हटले आणि घटस्फोट दिला. नवऱ्यांच्या बाजूचे लोक हे वाक्य हौसेने सांगतात. त्याच निकालातला पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. घरगुती वाद कोर्टात पेटण्याआधी, अगदी दावा दाखल होण्यापूर्वीच, मध्यस्थी केंद्राकडे जायला हवा, त्यासाठी केंद्रांनी मदत कक्ष उघडावेत, लोकांना कळवावे, आणि हे करताना छळाच्या कलमाची धार कमी होता कामा नये, अशा सूचना त्यांनी दिल्या. आपल्याकडे पूर्वी हे काम दोन्हीकडच्या मामा-काकांची बैठक करत असे. अडचण एवढीच की त्या बैठकीत सुनेला बोलायला कोणी सांगत नसे. मध्यस्थी केंद्रात दोघांनाही बोलावे लागते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्या. देसाई आणि न्या. ए. के. सिकरी यांच्यापुढे महाराष्ट्रातले एक प्रकरण आले. पहिले लग्न लपवून एकाने दुसरे लग्न केले होते आणि पोटगीची वेळ आल्यावर 'हे लग्नच बेकायदा, मग पोटगी कसली?' असे तो म्हणत होता. फसवणूक करणाऱ्याला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही, त्या स्त्रीला पोटगी द्यावीच लागेल, असे पीठाने ठरवले. निकाल न्या. सिकरींनी लिहिला.

आणि १२ नोव्हेंबर २०१३ चा ललिता कुमारी निकाल. उत्तर प्रदेशातली एक अल्पवयीन मुलगी पळवली गेली, बाप पोलीस ठाण्यात खेटे घालत राहिला आणि तक्रार कोणी लिहून घेईना. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे, 'आधी चौकशी करू, मग बघू' चालणार नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले. कौटुंबिक, व्यापारी, वैद्यकीय निष्काळजीपणाची अशी काही प्रकरणे तेवढी अपवाद. त्या पाचांत न्या. देसाई होत्या आणि नागपूरचे न्या. शरद बोबडेही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीला १४ दिवस दिले आहेत, हे लक्षात ठेवा. बाकी नियम तोच. ठाण्यात 'साहेब नाहीत, उद्या या' ऐकायला मिळाले तर या निकालाचे नाव घ्यायला हरकत नाही.

आणखी एक आदेश घराबाहेरचा, पण सोडवत नाही. मणिपूरमध्ये चकमकींच्या नावाखाली दीड हजारांवर माणसे मारली गेल्याचा आरोप घेऊन मृतांचे कुटुंबीय आले होते. जानेवारी २०१३ मध्ये न्या. आफताब आलम आणि न्या. देसाई यांनी सहा प्रकरणे निवडून न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सहापैकी एकही चकमक खरी नव्हती, असा आयोगाचा अहवाल आला. त्या सहा घरांना निदान आपला माणूस खोट्या चकमकीत गेला हे अधिकृतपणे ऐकता आले.

२९ ऑक्टोबर २०१४ ला त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. वीज अपील न्यायाधिकरण, लोकपाल निवडीची शोध समिती, जम्मू-काश्मीरच्या मतदारसंघांची पुनर्रचना, उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याचा मसुदा, आणि २०२२ मध्ये प्रेस कौन्सिलचे अध्यक्षपद, जिथे त्या पहिल्या महिला. यातले काही काम वादात सापडले. काश्मीरच्या पुनर्रचनेत जम्मूला ४३ आणि काश्मीर खोऱ्याला ४७ जागा झाल्या, त्यावर तिथल्या पक्षांनी आक्षेप घेतला. उत्तराखंडच्या कायद्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची झाली. सज्ञान मुलामुलींच्या खासगी आयुष्यात सरकारने इतके डोकावावे का, हा प्रश्न तुमच्या पिढीने विचारायलाच हवा. मलाही तो सुटलेला नाही. निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारने दिलेली पदे एकामागून एक घ्यावीत का, याबद्दलही वकिलांत दोन मते आहेत. मला वाटते, काही वर्षांचे अंतर राखायचा नियम असता तर बरे झाले असते. पण तो नियम सगळ्यांना लागू व्हायला हवा, एका बाईंना नव्हे.

तुमच्यापैकी कोणाला या वाटेने जायचे असेल, तर एक व्यवहाराची गोष्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पुन्हा आणला आहे की कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी किमान तीन वर्षे वकिली केलेली हवी. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई. म्हणजे पदवी घेऊन थेट कोचिंग क्लासला जाण्याचा रस्ता बंद. सौसरच्या, पांढुर्ण्याच्या किंवा छिंदवाड्याच्या कोर्टात कोणाच्या तरी मागे ब्रीफ घेऊन उभे राहावे लागेल. मुलींच्या घरच्यांनी यावर कुरकुर केली, आणि ती अगदीच चुकीची नाही. तीन वर्षे जवळजवळ बिनपगारी, लग्नाचे वय आणि कित्येक कोर्टांत बायकांसाठी धड स्वच्छतागृहसुद्धा नाही. त्याच वर्षी न्या. बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर ३४ जागांच्या सर्वोच्च न्यायालयात महिला न्यायमूर्ती एकच उरल्या, न्या. बी. व्ही. नागरत्ना.

२०२५ च्या शरद ऋतूत न्या. देसाईंचे नाव पुन्हा आपल्या घरांत आले. केंद्राने आठव्या वेतन आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. आधीच्या सातही आयोगांचे अध्यक्ष पुरुष होते. सुमारे ५० लाख केंद्रीय कर्मचारी आणि ६९ लाख निवृत्तिवेतनधारकांचे आकडे आता त्यांच्या टेबलावर आहेत. त्यांत आपल्या रेल्वेतल्या, पोस्टातल्या, केंद्रीय विद्यालयातल्या आजोबा-आजीही आल्या. अहवालाला १८ महिने दिले आहेत. तोवर पांढुर्णा स्टेशनच्या बाकावर संध्याकाळी जमणारी निवृत्त मंडळी फिटमेंट फॅक्टर किती धरणार यावर वाद घालतच राहणार. तिथून जाताना त्यांना एवढे विचारून बघा, हे ठरवणाऱ्या बाई कोण आहेत ते ठाऊक आहे का.